स्वतःची ओळख सांगणारी फाइल

लोकलमध्ये एका हातानं दांडी पकडून ऐकत असाल, पीएमटीत बसून, नाहीतर रात्री दिवे मालवून उशीखाली फोन ठेवून. कसंही ऐका, फक्त आज थोडं लक्ष देऊन ऐका. आजचा विषय ऐकायला एकदम कोरडा वाटेल. विषय आहे फाइल. साधी, कॉम्प्युटरवरची फाइल. पण माझ्यासाठी तो जरा लाजेचा विषय आहे, म्हणून सुरुवात त्या लाजेपासूनच करतो.

मागच्या महिन्यात माझ्या कॉलेजच्या एका ज्युनिअर मुलीचा मेसेज आला. मी तिला ओळखत नव्हतो. तिनं लिहिलं होतं, "दादा, तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टची फाइल डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर मिळाली. पण उघडत नाहीये. कशी उघडायची?"

मला आधी भारी वाटलं. अरे, आपलं काम कुणीतरी शोधून काढलं! आम्ही बीटेकच्या शेवटच्या वर्षाला हॉस्टेलच्या गच्चीवर प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा एक मोठा कर्णा बनवला होता. त्याच्या मागे टीव्हीचा सिग्नल पकडणारा स्वस्तातला यूएसबी डोंगल. एवढ्या सामानावर आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा रेडिओ सिग्नल पकडता येतो. १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास तो एक छोटासा उंचवटा म्हणून दिसतो. आम्हाला तो दिसला होता. त्या रात्री आम्ही गच्चीवर अक्षरशः नाचलो होतो.

तिला आता नवीन कर्णा बनवून आमच्या आकड्यांशी तुलना करायची होती. मी म्हटलं, "पाठव फाइल, पाच मिनिटांत सांगतो."

फाइलचं नाव होतं "फायनल टू डॉट बिन". आकार ४०,९६,००० बाइट्स. बस्स. बाकी काहीच नाही. मी ती उघडली आणि समोर आले नुसते आकडे. चार-चार बाइट्सचे घेतले तर १०२४ खान्यांच्या १००० ओळी होतात. आठ-आठचे घेतले तर ५०० ओळी. दोन्ही वाटणी बरोबर बसते! करून पाहिल्यावर आठ-आठमध्ये चित्रविचित्र आकडे आले, म्हणजे चार-चार बरोबर. चला, एक प्रश्न सुटला. पण पुढे? एक ओळ म्हणजे एक सेकंद की दहा? पहिला खाना म्हणजे कुठली फ्रीक्वेन्सी? कर्ण्याचं तोंड त्या रात्री कुठं होतं? तारीख कोणती? वेळ भारतीय की यूटीसी?

मला काहीही आठवत नव्हतं. फाइल मी लिहिली होती, माझ्या हातानं, आणि सहा वर्षांनी ती मलाच वाचता येत नव्हती.

तिला मी लिहिलं, "बघून सांगतो गं." आणि मग त्या रात्री मी एक गोष्ट वाचत बसलो, जी मला बीटेकच्या चार वर्षांत कुणी सांगितली नव्हती. तीच आज तुम्हाला सांगतो.

टेप पोस्टानं यायची, पण भाषा वेगळी असायची

चला १९७० च्या दशकात. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये किट पीक नावाच्या डोंगरावर मोठी वेधशाळा आहे. तिथं साध्या प्रकाशाच्या दुर्बिणी. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात तेव्हा व्हेरी लार्ज अ‍ॅरे नावाची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहत होती, २७ अँटेनांची. तिकडे युरोपात नेदरलँड्समध्ये वेस्टरबोर्कची रेडिओ दुर्बीण आधीच जोरात चालू होती.

आता एखाद्या खगोलशास्त्रज्ञाला वाटलं, की एकाच दीर्घिकेचा प्रकाशातला फोटो आणि रेडिओतला फोटो एकमेकांवर ठेवून बघावा. आज आपण दोन इमेज फोनवर एकावर एक ठेवतो, एका मिनिटाचं काम. तेव्हा? एका वेधशाळेतून मॅग्नेटिक टेपचं रीळ पोस्टानं यायचं. ते रीळ दुसऱ्या वेधशाळेच्या यंत्रावर चढवलं, की सगळा कचरा दिसायचा.

कारण प्रत्येक कंपनीच्या कॉम्प्युटरची आकडे लिहायची पद्धतच वेगळी. आज आपण बिनधास्त म्हणतो, आठ बिटचा एक बाइट, ३२ किंवा ६४ बिटचा एक वर्ड. तेव्हा असं काही ठरलेलं नव्हतं. आयबीएम ३६० चा वर्ड ३२ बिटचा. सीडीसी कंपनीच्या यंत्राचा ६० बिटचा. कुणाचा १२, कुणाचा १६, १८, २४, ३६, ४८. अक्षरांचंही तेच. आयबीएमचं "ए" हे अक्षर आणि सीडीसीचं "ए" हे अक्षर आतून वेगळ्या बिट्सचं. वजा आकडे लिहायची रीतसुद्धा वेगळी.

मग लोक काय करायचे? दुभाषे लिहायचे. म्हणजे या वेधशाळेची टेप त्या वेधशाळेच्या यंत्रावर वाचणारा खास प्रोग्रॅम. आता गणित करा. पाच वेधशाळा असतील, तर प्रत्येकीनं बाकीच्या चौघींचा दुभाषा लिहायचा, म्हणजे २० प्रोग्रॅम. दहा असतील तर ९०. आणि एखाद्या वेधशाळेनं यंत्र बदललं की तिच्याशी जोडलेले सगळे दुभाषे बाद.

पण सगळ्यांनी मिळून मधली एकच भाषा ठरवली तर? मग प्रत्येकीनं दोनच प्रोग्रॅम लिहायचे. एक स्वतःच्या भाषेतून मधल्या भाषेत, एक उलटा. दहा वेधशाळांना २० प्रोग्रॅम पुरले. ऐकायला सोपं आहे. पण ती मधली भाषा ठरवणार कोण, आणि आपली पद्धत सोडणार कोण? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाल्यावर काय होतं ते आठवा.

मार्च १९७९

मार्च १९७९ मध्ये व्हेरी लार्ज अ‍ॅरेच्या ठिकाणी एक बैठक झाली आणि काम दोन माणसांवर येऊन पडलं. किट पीकचे डॉन वेल्स, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेचे एरिक ग्राइसन. एक प्रकाशाच्या दुर्बिणीवाला, एक रेडिओवाला. त्यांनी मिळून ज्या फॉरमॅटचा पाया घातला त्याचं नाव फ्लेक्झिबल इमेज ट्रान्सपोर्ट सिस्टिम. थोडक्यात फिट्स.

त्यांच्या पहिल्याच निर्णयावर मी एक इंजिनिअर म्हणून फिदा आहे. त्यांना ठरवायचं होतं, टेपवर एका वेळी किती डेटा लिहायचा. त्यांनी आकडा निवडला २८८० बाइट्स.

२८८० च का? हजार का नाही, १०२४ का नाही? कॅल्क्युलेटर काढा. २८८० गुणिले ८ म्हणजे २३,०४० बिट्स. आता याला ६ नं भागा. जातो. ८ नं, १२ नं, १६ नं, १८ नं, २४ नं, ३२ नं, ३६ नं, ४८ नं, ६० नं, ६४ नं. सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, बाकी शून्य! म्हणजे तेव्हाचं कुठलंही यंत्र घ्या, त्याच्या वर्डमध्ये हा तुकडा काठोकाठ बसणार. कुणाचाही वर्ड अर्धवट तुटणार नाही. पंगतीत कितीही माणसं बसली तरी लाडू फोडावा लागू नये, असा आकडा त्यांनी शोधला.

अजून गंमत पुढे आहे. त्या काळी प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या पंच कार्डांवर लिहायचे. एका कार्डावर ८० अक्षरं मावायची. २८८० ला ८० नं भागा. ३६. बरोबर ३६ कार्डं. म्हणून फिट्स फाइलच्या सुरुवातीला जो मजकूर असतो, त्याची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची असते, आणि तिला आजही "कार्ड" म्हणतात. पंच कार्ड म्युझियममध्ये गेलं, पण जेम्स वेब दुर्बिणीच्या फाइलमध्येसुद्धा त्या पुठ्ठ्याची मापं जिवंत आहेत.

आधी नाव सांग, मग बोल

आता या ओळींमध्ये असतं काय? इथं खरी मेख आहे.

फिट्स फाइलचे दोन भाग. आधी हेडर, मग डेटा. हेडर साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असतो, कुठलंही सॉफ्टवेअर नसलं तरी माणसाला डोळ्यांनी वाचता येईल असा. पहिलीच ओळ असते: "सिम्पल बरोबर टी". टी म्हणजे ट्रू. फाइल उघडल्या उघडल्या सांगते, की मी नियमात बसणारी फिट्स फाइल आहे. दुसरी ओळ "बिटपिक्स": माझा एक आकडा किती बिटचा. मग "नॅक्सिस": मला किती बाजू आहेत. साधा फोटो असेल तर दोन. मग "नॅक्सिस वन", "नॅक्सिस टू": लांबी किती, रुंदी किती. पुढे दुर्बीण कोणती, निरीक्षणाची तारीख काय, आकाशात कुठं बघत होतो, एकक कोणतं. शेवटी एक ओळ, "एंड". त्यानंतर डेटा सुरू.

गावी एखाद्या कार्यात कुणी अनोळखी मुलगा आला की आजी काय विचारते? "कुणाचा रे तू?" आणि तो सांगतो, अमक्याचा नातू, तमक्या गावचा. मग पुढचं बोलणं. फिट्सचं हेच आहे. आधी ओळख, मग आकडे. माझी "फायनल टू डॉट बिन" ही त्या कार्यात येऊन नुसतीच जेवून गेलेली फाइल होती.

१९७९ मध्येच पहिली परीक्षा झाली. एका बाजूला आयबीएम ३६०, ३२ बिटचा वर्ड. ग्राइसननी तिथं टेप लिहिली. दुसऱ्या बाजूला किट पीकचं सीडीसी ६४००. तिथं ६० बिटचा वर्ड, सहा बिटची अक्षरं, वजा आकड्यांची रीत वेगळी, प्रोग्रॅमिंगची भाषासुद्धा वेगळी. इतकी दोन टोकांची यंत्रं. वेल्सनी टेप चढवली, आणि ती वाचता आली.

१९८१ मध्ये वेल्स, ग्राइसन आणि नेदरलँड्सचे हार्टन यांचा यावरचा पेपर छापून आला. १९८२ मध्ये ग्रीसमधल्या पात्रास शहरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेचं अधिवेशन झालं, तिथं या फॉरमॅटला मान्यता मिळाली.

आणि मग त्यांनी एक नियम पाळला, जो मला सगळ्यात अवघड वाटतो. एकदा जी फाइल फिट्स म्हणून वैध ठरली, ती कायम वैध. नवीन गोष्टी वाढवा, पण जुनी फाइल बाद होईल असा बदल करायचा नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले दर सहा महिन्यांनी "हे आता सपोर्टेड नाही" म्हणून हात झटकतो. त्यांनी हात झटकले नाहीत.

याचं एक उदाहरण. सुरुवातीला तारखेत वर्ष दोनच आकड्यांत लिहायचे. दिवस, महिना, वर्ष: ७९, ८५, ९१. २००० साल जवळ आलं तशी पंचाईत झाली. ०१ म्हणजे १९०१ की २००१? मग १९९० च्या दशकाच्या अखेरीस चार आकडी वर्षाची नवी पद्धत आणली. पण जुन्या फाइल्सना हात लावला नाही. नियमात एवढंच लिहिलं, की जुन्या पद्धतीची तारीख दिसली तर ती १९०० ते १९९९ मधली समजा. झालं. जुनी फाइल तशीच राहिली, आणि तिचा अर्थही पक्का राहिला.

मंगळावरून आलेली, पण न वाचता येणारी टेप

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आकडे तर आहेत ना, अर्थ लागेल कधीतरी.

तर मग ही दुसरी गोष्ट ऐका. १९७६ मध्ये नासाची दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. त्यांत मातीमध्ये सूक्ष्मजीव आहेत का हे तपासणारे प्रयोग होते. त्यातल्या एका प्रयोगाचे निकाल असे आले, की त्यांच्या अर्थावरून शास्त्रज्ञ नंतर अनेक दशकं भांडले. म्हणजे माणसानं दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी शोधण्यासाठी केलेले ते पहिले प्रयोग. यापेक्षा मौल्यवान डेटा कुठला असेल?

१९९९ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोसेफ मिलर यांना तो डेटा पुन्हा तपासायचा होता. त्यांनी नासाकडे मागितला. टेप होत्या. पण त्यांचा फॉरमॅट इतका जुना होता, की तो जाणणारे प्रोग्रॅमर हयात राहिले नव्हते. टेप आहे, त्यावर आकडे आहेत, पण कुठला आकडा कशाचा हे सांगणारं कुणी नाही. शेवटी त्या प्रयोगाचे शास्त्रज्ञ गिल्बर्ट लेव्हिन आणि पॅट्रिशिया स्ट्राट यांनी छापील कागद जपून ठेवले होते, त्यांवरून डेटाचा काही भाग पुन्हा उभा करावा लागला.

कोट्यवधी किलोमीटरवरून सिग्नल नीट पोचला. हरवला तो पृथ्वीवर, कपाटात. हे वाचलं तेव्हा मला माझी गच्चीवरची फाइल आठवली आणि पोटात गोळा आला. मंगळाच्या मानानं माझा डेटा म्हणजे काहीच नाही. पण चूक तीच होती. मी अर्थ फाइलमध्ये न ठेवता डोक्यात ठेवला होता.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांची वही

आता आजच्या काळात येऊ. तुम्हाला फिट्स फाइल वाचायची असेल तर टेप चढवायची गरज नाही. १९९० च्या दशकात नासाच्या गॉडर्ड केंद्रात विल्यम पेन्स यांनी सी भाषेत सी-फिट्स-आयओ ही लायब्ररी लिहिली. आजही किती तरी सॉफ्टवेअरच्या पोटात तीच काम करते. पायथनमध्ये हबल दुर्बीण सांभाळणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटनं पाय-फिट्स केली. मग २०११ मध्ये वेगवेगळ्या लोकांनी आपापली पायथन पॅकेजेस एकत्र आणायची ठरवली, त्यातून अ‍ॅस्ट्रोपाय उभी राहिली आणि पाय-फिट्स तिच्यात सामील झाली.

कोड बोलून दाखवतो, घाबरू नका, तीन ओळी आहेत. पहिली: फ्रॉम अ‍ॅस्ट्रोपाय डॉट आयओ इम्पोर्ट फिट्स. दुसरी: फिट्स डॉट ओपन, आणि कंसात फाइलचं नाव. तिसरी: जे मिळालं त्यातल्या शून्याव्या भागाचं डॉट हेडर छापा. समोर ओळख येते. मग डॉट डेटा म्हटलं की आकड्यांचा तक्ता हातात.

आता खरं सांगतो. मी पहिल्यांदा फिट्स फाइल वाचली तेव्हा लायब्ररी वापरली नव्हती. इंजिनिअरचा माज! म्हटलं, एवढा सोपा फॉरमॅट आहे, पहिले २८८० बाइट्स सोडायचे आणि पुढचे आकडे वाचायचे. त्यात काय.

फोटोच्या एका कडेला विचित्र पट्टी आली. कारण हेडर एका तुकड्यात संपलाच नव्हता, ३६ पेक्षा जास्त ओळी होत्या, म्हणून तो दुसऱ्या तुकड्यात गेला होता. मी हेडरची अक्षरं तारे समजून छापली होती. ते दुरुस्त केलं. मग सगळा फोटो मुंग्यांसारखा. कारण फिट्समध्ये आकड्याचा मोठा बाइट आधी येतो, आणि माझा लॅपटॉप छोटा बाइट आधी वाचतो. तेही दुरुस्त केलं. आता तारे दिसले! पण प्रत्येक ठळक ताऱ्याच्या कडा लख्ख आणि मधोमध काळं भोक. एक क्षण मला वाटलं, आपण काहीतरी भयंकर शोध लावला.

शोध बिध काही नव्हता. झालं असं होतं. जुन्या फिट्समध्ये १६ बिटचा आकडा वजाही असू शकतो, म्हणजे उणे ३२,७६८ ते ३२,७६७. पण आजचा कॅमेरा शून्य ते ६५,५३५ आकडे देतो. नियम तर मोडायचा नाही. मग युक्ती काय? लिहिताना प्रत्येक आकड्यातून ३२,७६८ वजा करा, आणि हेडरमध्ये "बी-झिरो बरोबर ३२७६८" अशी चिठ्ठी ठेवा, की बाबा रे, वाचताना एवढे परत मिळव. मी चिठ्ठी वाचलीच नव्हती. त्यामुळे आकाशातला १,००० हा अंधुक आकडा मला ३३,७६८ दिसला, आणि ताऱ्याच्या मध्यातला ४०,००० दिसला ७,२३२. म्हणून काळं भोक.

अ‍ॅस्ट्रोपाय हे सगळं न सांगता करते. तुकडे मोजते, बाइट उलटवते, चिठ्ठी वाचते. मी जी तीन दिवस झक मारली, ती कुणीतरी २० वर्षांपूर्वी मारून, सुधारून त्यात लिहून ठेवली आहे. लायब्ररीकडे मी तेव्हापासून असंच बघतो: आधीच्या लोकांनी खाल्लेल्या ठेचांची वही.

खोडदचं काय?

आपल्याकडे पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव लागतं. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथल्या यंत्रणेची डेटा लिहायची स्वतःची पद्धत होती, एलटीए नावाची. निरीक्षण करताना वेगानं डेटा नोंदवायला ती सोयीची. पण जगातल्या बाकीच्या सॉफ्टवेअरला ती कळत नाही. मग जीएमआरटीचे निरीक्षक काय करायचे? लिस्टस्कॅन आणि जीव्ही-फिट्स हे दोन प्रोग्रॅम चालवून एलटीएमधून फिट्स फाइल बनवायचे, आणि मग जगात कुठल्याही टेबलावर ती उघडायची.

म्हणजे १९७९ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जे ठरलं, त्यामुळे जुन्नर तालुक्यात पकडलेला सिग्नल नेदरलँड्समधला विद्यार्थी वाचू शकतो. आपल्या इस्रोच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाचा डेटाही फिट्समध्येच मिळतो.

सगळं गोड नाही

फिट्सचे तोटे नाहीत असं म्हटलं तर खोटं ठरेल. ओळीचं नाव आठ अक्षरांत बसवायचं, म्हणून "नॅक्सिस", "बिटपिक्स" अशी तोडकी-मोडकी नावं. गुंतागुंतीचा डेटा, फोल्डरात फोल्डर अशा रचनेचा, त्यात कोंबावा लागतो. २०१५ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनीच त्याच्या मर्यादांवर सविस्तर पेपर लिहिला. हवामान आणि बाकीच्या विज्ञानात नेट-सीडीएफ चालतो. इलिनॉय विद्यापीठात १९८७ मध्ये सुरू झालेल्या कामातून १९९८ साली एचडीएफ-फाइव्ह आला, त्यात एका फाइलमध्येच फोल्डर करता येतात. जेम्स वेबच्या फिट्स फाइल्सच्या आत तर एएसडीएफ नावाच्या नव्या फॉरमॅटचा एक भाग ठेवलेला असतो. पण नीट बघितलं तर हे सगळे फॉरमॅट आजीच्याच प्रश्नाचं उत्तर देतात. मी कोण, माझी मापं काय, माझं एकक काय.

आणि फिट्सवर विश्वास किती? व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुमारे ८०,००० जुनी हस्तलिखितं आहेत. त्यांचे डिजिटल फोटो पुढच्या पिढ्यांसाठी कशात जपायचे हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी निवडलं फिट्स. कारण उघड आहे. फॉरमॅट कुठल्याही कंपनीचा नाही, हेडर डोळ्यांनी वाचता येतो, आणि जुनी फाइल कधीच बाद करायची नाही हा शब्द पाळला गेलाय.

माझ्या फाइलचं काय झालं

आता तुम्ही विचाराल, त्या ज्युनिअरला शेवटी काय सांगितलंस?

मी माझ्या प्रोजेक्ट पार्टनरला फोन केला. ती आता बंगळुरूला असते. तिला विचारलं, तुझ्याकडे काही आहे का गं? ती म्हणाली, "थांब, आईला विचारते." दोन दिवसांनी तिच्या आईनं माळ्यावरून काढलेल्या दोनशे पानी वहीचे फोटो आले. आमच्या तीन रात्रींपैकी एका रात्रीचं तिनं सगळं लिहून ठेवलं होतं. मधली फ्रीक्वेन्सी, सॅम्पल रेट, कर्ण्याचा कोन, सुरू केल्याची वेळ, आणि खाली "ढग आले, वैताग". तेव्हा मी तिला हसायचो, म्हणायचो, कॉम्प्युटरवर आहे की सगळं, वहीत काय लिहितेस.

त्या एका रात्रीची मी फिट्स फाइल बनवली. वहीतली एकेक गोष्ट हेडरमध्ये घातली. "वैताग"सुद्धा, कॉमेंटच्या ओळीत, इंग्रजी अक्षरांत. बाकी दोन रात्रींच्या फाइल्सही केल्या, आणि त्यांच्या हेडरमध्ये लिहिलं: दिशा माहीत नाही, वेळ माहीत नाही, तुलनेसाठी वापरू नये. त्या दोन रात्री गेल्या त्या गेल्याच. गच्चीवर नाचलो ती रात्रही त्यांतच होती.

तिला तिन्ही फाइल्स पाठवल्या. तिचं उत्तर आलं, "दादा, उघडली! आमचा उंचवटा तुमच्यापेक्षा मोठा आहे." मी विचारलं, "तुझ्या फाइलमध्ये कर्ण्याचा कोन लिहिलायस का?" थोडा वेळ काहीच आलं नाही. मग मेसेज आला, "लिहिते आत्ताच."

तर मंडळी, तुमच्याकडेही अशी एखादी फाइल असेल. कॉलेजची रीडिंग्ज, बाबांनी लिहिलेल्या पावसाच्या नोंदी, ऑफिसमधली "न्यू फायनल फायनल". आज रात्री ती उघडा, आणि वर चार ओळी लिहा. कुणी, कधी, कुठं, कुठल्या एककात. आत्ता तुम्हाला आठवतंय तोवर लिहा.

पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग त्या मित्राला पाठवा जो फाइलला "एबीसी वन टू थ्री" असं नाव देतो.